सायकलचं खोकं

मागच्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, सायकल विमानातून न्यायची आहे. कमीत कमी खर्चात कशी नेता येईल? तुम्ही नेली होती ना?"

नेली होती. दोनदा. एकदा पैसे वाचवून आणि एकदा स्वस्तात. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. त्या मुलाला फोनवर अर्धा तास सगळं सांगितलं. वजन, खोकं, काटा, नियम... फोन ठेवला आणि लक्षात आलं, मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती फोनवर सांगण्यासारखी नव्हतीही. म्हणून इथे लिहितोय.

आधी थोडं घरचं.

धुळ्याला आमचं सायकलचं दुकान आहे. आमचं म्हणजे आता दादाचं. वडिलांनी सुरू केलेलं. पंक्चर, ओव्हरऑइल, आणि भाड्याच्या सायकली. माझ्या लहानपणी तासाला पन्नास पैसे भाडं होतं, आणि पोरं घड्याळ बघून पाच मिनिटं आधी परत यायची. १९८४ साली वडील गेले. दादा सतरा वर्षांचा होता, मी बारा. दादाने शाळा सोडून पाना हातात घेतला. मी शिकलो. त्याने शिकवलं असं म्हणायला हवं. पुढे जळगावला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागली, घर झालं, मी जळगावकर झालो. दुकान तिथेच राहिलं आणि दादाही.

२०१८ मध्ये माझी मुलगी इंजिनिअरिंगला होती, घराचे हप्ते चालू होते. दुकानाच्या जागेला चांगला भाव आला होता. मी दादाला म्हणालो, विकून टाकू, निम्मं निम्मं घेऊ, आता सायकल दुरुस्त कोण करतं? तो काही बोलला नाही. तीन महिन्यांनी त्याने मला धुळ्याला बोलावलं. माझ्या वाट्याचे सगळे पैसे टेबलावर ठेवले. कर्ज काढून. जागा विकली नाही.

"मोजी ले," म्हणाला.

आणि मी मोजले. सख्ख्या भावासमोर बसून नोटा मोजल्या. तो बघत होता. त्यानंतर सहा वर्षं आम्ही लग्नकार्यात आणि अंत्ययात्रेत तेवढे भेटलो. भांडण नाही, अबोला नाही. "बरं आहे ना?" "बरं आहे." संपलं.

असो. सायकलीकडे येतो.

गंमत अशी, की सायकलवाल्याच्या घरात जन्मून मी सायकल सोडून दिली होती ती चाळिशीत डॉक्टरांनी साखर दाखवल्यावर परत धरली. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघा भावांनी अमेरिकेतली 'रॅम' ही शर्यत पूर्ण केल्याची बातमी वाचली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळपास पाच हजार किलोमीटर, एक भाऊ सायकलवर आणि दुसरा विश्रांतीला, आळीपाळीने. नऊ दिवसांच्या आत पोचले दोघे. बातमी वाचून अंगावर काटा आला. मग मीही ब्रेव्हे करू लागलो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत वगैरे. शर्यत नसते ही, वेळेत पोचायचं एवढंच.

२०२२ च्या सप्टेंबरात आम्ही पाच जणांनी लेहचा बेत केला. लेहला पोचायचं, हवेची सवय करून घ्यायची आणि खारदुंगला चढायचं. सायकली विमानातून. आणि इथे माझ्यातला हिशोबी माणूस जागा झाला.

देशातल्या देशात बहुतेक तिकिटांवर १५ किलो सामान नेता येतं आणि हातात ७ किलो. माझी सायकल साडेअकरा किलोची. सायकल ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून दुकानात येते (राजकारणातलं खोकं नव्हे, खरंखुरं!) ते भरतं साडेतीन-चार किलो. म्हणजे तिथेच पंधरा संपले. त्याच्या वर प्रत्येक किलोला त्या वेळी पाचशेच्या वर रुपये पडत होते. जळगावात दोन दुकानांत खोकं विचारलं. एकाकडे नव्हतं. दुसऱ्याने दोनशे रुपये सांगितले. मी म्हणालो, पुठ्ठ्याचे दोनशे? त्यापेक्षा बबलवाला प्लास्टिकचा कागद गुंडाळू. तो हलका. म्हणजे खोक्याचे दोनशे वाचले आणि वजनाचे दोन हजार वाचले. बायकोला मोठ्या अभिमानाने हिशोब दाखवला.

तुम्ही विचाराल, दादाकडे खोकी पडलेली असणार ना? असणारच. दर महिन्याला नव्या सायकली येतात त्याच्याकडे, सुट्या भागांत, खोक्यांतून. एक फोन केला असता तर त्याने एसटीत टाकून पाठवलं असतं. तो फोन मी केला नाही. स्वतःला सांगितलं, दोन किलो वाचतायत, कशाला उगाच. पण खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझ्या गुंडाळलेल्या सायकलीकडे बघितलं आणि एका टॅगवर सही करायला सांगितली. त्याचा अर्थ एवढाच, की सामानाचं पॅकिंग पुरेसं नाही, मोडतोड झाली तर कंपनीची जबाबदारी नाही. मी न वाचताच सही केली.

लेहला प्लास्टिक सोडलं. पुढचा चिमटा एका बाजूने दबलेला. चाक काढून ठेवलं होतं ना, मग त्या दोन पायांमध्ये आधाराला काहीच नव्हतं. आणि मागचा गिअर ज्या लहानशा अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याला लटकलेला असतो, ज्याला हँगर म्हणतात, तो आत वाकलेला. चिमटा तिथल्या मेकॅनिकने लाकडाचा तुकडा घालून पुष्कळसा सरळ केला. हँगर सरळ करायला गेला, तर तो तुटला. त्याची काही चूक नव्हती. अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकून घेतं, दुसऱ्यांदा वाकवलं की मोडतं. हा तुकडा प्रत्येक सायकलीचा वेगळा, माझ्या मॉडेलचा लेहमध्ये मिळाला नाही. किंमत काही शे रुपये.

चौघे खारदुंगला जाऊन आले. मी गेस्ट हाऊसच्या गच्चीवर बसून डोंगर बघितले. सुंदर आहेत. दोनशे रुपये वाचवून मी तिकीट, राहणं, खाणं असे चाळीसेक हजार खर्चले, आणि सायकलीवर एकूण अंतर कापलं शून्य किलोमीटर!

त्या गच्चीवर मनात सारखं एकच येत होतं. हे दादाने पॅक केलं असतं तर असं झालं नसतं.

परत आल्यावर मी या विषयाचा अभ्यासच सुरू केला. मास्तर माणूस, दुसरं काय करणार! त्यातलं जे कामाचं वाटलं ते सांगतो, कुणाचे चार पैसे वाचले तर आनंदच आहे.

पहिलं म्हणजे, कुरिअरने आधी पाठवून देऊ हा विचार बहुतेकांच्या मनात येतो. सायकल फार जड नसते, पण जागा खाते, आणि कुरिअरवाले जागेचं वजन धरतात. खोकं साधारण १४० सेंटिमीटर लांब, ७५ उंच, २० रुंद. तिन्हींचा गुणाकार २,१०,०००. त्याला ५००० ने भागलं की ४२. म्हणजे तुमची पंधरा किलोची सायकल कागदावर ४२ किलोची होते. ६००० ने भागणारे असतात, त्यांच्याकडे ३५. विमानात प्रवाशाच्या सोबत गेली तर मात्र सहसा खरं वजन धरतात. म्हणून सायकल सोबत नेणंच परवडतं.

दुसरं, जास्तीचं वजन लागणारच असेल तर तिकिटासोबत किंवा आदल्या दिवशीपर्यंत आधीच घ्यावं. काउंटरवर घेतलं की भाव चढतो. आणि सायकलीचा नियम त्या त्या कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचावा. काहींचं किलोवर चालतं, काही क्रीडासाहित्य म्हणून वेगळी ठोक रक्कम लावतात, आणि नियम बदलत राहतात. परदेशी जाताना तर फारच फरक पडतो. नेहमीच्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर ही मर्यादा असते, सायकलीचं खोकं भरतं २३५. आखातातून जाणाऱ्या काही कंपन्या सायकल आपल्या नेहमीच्या वजनातच धरत आल्या आहेत, काही युरोपीय कंपन्या वेगळे पैसे घेतात. तिकीट तीन हजारांनी स्वस्त आणि सायकलीचे दहा हजार, असं होऊ शकतं. तिकिटाची किंमत बघताना सायकलीसकट बघायची.

तिसरं, हातातल्या सात किलोंचा उपयोग करायचा. हेल्मेट, बूट, सीट, दिवे हे हातात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तर हातातच न्याव्या लागतात, खाली चालतच नाहीत. पाने, हत्यारं मात्र खालच्या सामानात, नाहीतर सुरक्षा तपासणीत तुमचा चांगला पाना तिथेच राहतो. बॅटरीवरची सायकल असेल तर विसराच. १६० वॉट-तासांच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात घेत नाहीत, आणि सायकलीची बॅटरी सहसा त्याच्या दुपटीच्या वरच असते.

चौथं, टायरची हवा. काउंटरवर सांगतात, हवा काढा, नाहीतर वर गेल्यावर फुटेल. खरं तर सामान ठेवायच्या जागेतही हवेचा दाब राखलेला असतो, फार तर चौरस इंचाला चार पौंडांचा फरक पडतो. आणि अगदी पोकळीत नेलं तरी पंधराच्या आतच वाढेल. शंभर पौंडांचं टायर त्याने फुटत नाही. पण वाद घालू नका. हवा फुकट असते, काउंटरवरच्या माणसाची मर्जी नाही. थोडी ठेवावी, म्हणजे रिमला मार लागत नाही.

आणि पाचवं, सगळ्यात मोठं. विमानाने एकाच बाजूने जायचं. जाताना सायकल विमानात, येताना आपण सायकलीवर. परतीचं तिकीट वाचतं, परतीचं खोकं शोधायची कटकट वाचते, आणि घराकडे तोंड असलं की पायही जास्त चालतात.

आता आमच्या जळगावला विमान हे प्रकरणच नवं. कुसुंब्याजवळचा विमानतळ बांधून तयार होता, पण नियमित विमान यायला डिसेंबर २०१७ उजाडला. 'उडान' योजनेतलं ते मुंबईचं विमान एवढंसं, वीस माणसंही बसायची नाहीत. त्यात सायकल कुठे ठेवणार! नंतर २०१९ मध्ये मोठी विमानं येऊ लागली, मग तीही थांबली. २०२४ च्या एप्रिलमध्ये 'फ्लाय ९१' चं पंख्यांचं एटीआर विमान गोव्याहून येऊ लागलं. धुळ्याचं म्हणाल तर गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान तिथून सुटत नाही.

जळगाव ते गोवा विमानाने, आणि गोवा ते घर सायकलीने. सुमारे साडेसातशे ते आठशे किलोमीटर. नकाशा बघून मी ठरवूनच टाकलं, डिसेंबर २०२४. मुंबईपर्यंतची ट्रॅव्हल्सची डिकी नाही, रात्रीची ओढाताण नाही. आधी कंपनीला फोन करून खोक्याची मापं सांगितली. छोट्या विमानाला हे आधी विचारलेलंच बरं. चालेल म्हणाले.

आता प्रश्न उरला खोक्याचा.

एका रविवारी पहाटे साडेपाचला मी सायकल काढली आणि धुळ्याच्या रस्त्याला लागलो. बायकोला सांगितलं, सराव करून येतो. बांभोरीजवळ गिरणेच्या पुलावर उजाडलं. पाळधी, एरंडोल, पारोळा... पारोळ्याला पोहे खाल्ले, चहा घेतला, परत एक चहा घेतला. उशीर करत होतो हे मलाही कळत होतं. मुकटी, फागणे, आणि मग धुळं. नव्वदेक किलोमीटर.

दुकान उघडं होतं. दादा खाली बसून एका चाकाचा आऊट काढत होता. सहा वर्षांत केस सगळे पांढरे झालेले. त्याने मान वर करून बघितलं. माझ्याकडे नाही, सायकलीकडे. चिमट्याकडे. मग उठला, बोट फिरवलं चिमट्यावरून.

"हाई कोनी करं?"

मी सगळं सांगितलं. लेह, प्लास्टिक, हँगर, गच्ची. दोनशे रुपयांचंही सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बठ." आणि आत चहा सांगायला गेला.

खोकं पाहिजे म्हणालो, आणि विमानात टाकायचंय हेही. त्यावर मात्र त्याला राहवलं नाही. "सायकल तुले लई जाई, का तू सायकलले?"

मग त्याने पोटमाळ्यावरून सहा खोकी काढली, एकेक ठोकून बघितलं आणि त्यातलं एक निवडलं. पुढचे दोन तास मी नुसता बघत होतो. चाळीस वर्षं हा माणूस खोक्यांतून आलेल्या सायकली बाहेर काढून जोडतोय. त्याने ते सगळं उलट्या क्रमाने केलं, बस. पुढचं चाक काढलं आणि चिमट्याच्या दोन पायांमध्ये जुनी एक्सल नट लावून कसून बसवली. लेहला जे हवं होतं ते एवढंच होतं, भंगारातली एक एक्सल. डावं पेडल उलट्या आट्यांचं, ते काढताना माझ्याकडे बघून म्हणाला, "हे तरी ध्यानात आहे का?" लहानपणी मी तेच पेडल उलटं पिळून आटे घालवले होते, वडिलांचा मार त्याने खाल्ला होता. मागचा गिअर हँगरवरून सोडवला, फडक्यात गुंडाळून आतल्या बाजूला बांधला. साखळी पुढच्या मोठ्या चक्रावर चढवली, म्हणजे दाते पुठ्ठ्यात घुसत नाहीत. बांधायला दोरी नाही की प्लास्टिकचे पट्टे नाहीत, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. "घट्ट बसतं, ओरखडा नाही, आणि पैसे नाहीत."

समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं. सोळा किलो शंभर ग्रॅम. अकराशे ग्रॅम जास्त.

मी म्हणालो, राहू दे, भरतो पैसे. दादाने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो. त्याने खोक्याच्या वरच्या आतल्या झडपा कापून टाकल्या, त्या दुहेरीच असतात. चारशे ग्रॅम गेले. सीट काढून माझ्या पाठीवरच्या पिशवीत दिली. तीनशे. बाटलीची कडी, स्टँड, मडगार्ड. चौदा किलो नऊशे. घंटी मात्र काढू दिली नाही. "घंटीशिवाय सायकल नसते."

शेवटी जाड मार्कर घेऊन खोक्याच्या दोन्ही बाजूंना सायकलीचं मोठं चित्र काढलं. "ते हमाल लोक वाचत बसतील का? चित्र दिसलं की कळतं कुठून धरायचं."

जेवायला घरी गेलो. वहिनींनी भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी, हिवाळाच होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, किती वाळलात." सहा वर्षांचं सगळं त्या एका वाक्यात आलं. पैशांचा विषय कुणीच काढला नाही. मी काढणार होतो. येताना पारोळ्यापासून वाक्यं जुळवत आलो होतो, की दादा, तेव्हा मी ते मोजायला नको होते. पण तो ताटावरून उठला आणि म्हणाला, चार वाजेची बस पकड, डिकी रिकामी असते. वाक्य राहिलं ते राहिलंच.

बसस्टँडवर खोकं डिकीत ठेवताना मी खिशात हात घातला. त्याने फक्त मान हलवली.

गोव्याचं विमान वेळेवर होतं. मोपाला उतरलो, पट्ट्यावरून खोकं आलं, चित्र वर. तिथेच बाहेर सावलीत बसून सायकल जोडली. एक ओरखडा नाही. रिकामं खोकं पेडण्याजवळ ज्या घरी रात्री राहिलो त्या काकूंना दिलं, त्यांना चुलीची लाकडं ठेवायला हवं होतं. मीही म्हटलं, चला, खोक्याचाही उपयोग झाला. मग सावंतवाडी, आंबोलीचा घाट, कोल्हापूर, सातारा, पुणे, शिर्डी, मनमाड, मालेगाव. सात दिवस. त्या प्रवासाबद्दल परत कधीतरी, तो वेगळा विषय आहे. एवढंच सांगतो, की रोज रात्री वहीत खर्च लिहिताना विमानाच्या पानावर 'सायकल' या नावापुढे शून्य होतं, आणि ते शून्य बघून लेहच्या शून्याइतकं वाईट वाटत नव्हतं.

पण ते शून्य खोटं आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. एक्सल, ट्यूबच्या पट्ट्या, भंगारवाल्याचा काटा, दोन तासांची मजुरी, चाळीस वर्षांचा हात. हे सगळं कुणाच्या तरी वहीत खर्च म्हणून पडलं असणार. माझ्या वहीत ते बचत म्हणून दिसत होतं, एवढाच फरक. माझ्या शिक्षणाचंही तसंच होतं म्हणा.

शेवटच्या दिवशी घर खरं तर जळगाव. पण सायकल आग्रा रोडने येते ती धुळ्यालाच. आर्वी गेलं, लळिंगचा किल्ला दिसला, उतार लागला. दुपारी दुकानासमोर उभा राहिलो तेव्हा दादा गिऱ्हाईकाशी बोलत होता. बोलणं न थांबवता त्याने माझी सायकल मागून उचलली आणि चाक फिरवलं. कान देऊन ऐकलं. चाक थांबेपर्यंत.

"आऊट नाही," म्हणाला. गिऱ्हाईकालाच सांगितल्यासारखं.

मग इकडेतिकडे बघितलं, सायकलीच्या मागे बघितलं.

"खोकं कोठे शे?"

"दिलं टाकून गोव्यात."

"टाकी दिन्हं?" त्याच्या चेहऱ्यावर असा काही धक्का, की मी लेहला चिमटा मोडला हे ऐकतानाही तसा नव्हता. "इतलं चांगलं खोकं! खोकं काय फुकट येस का?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्याने पाना उचलला, खाली बसला, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला,

"पुढला खेपले परत आनजो."